एक फेज गेलाय

गोकुळनं फाईल सेव्ह केली, आणि आपण काय करून बसलो हे ध्यानात येताच तो खुर्चीतून ताडकन उठला. फाईल सेव्ह करण्यात घाबरण्यासारखं खरं तर काही नाही. लोक दिवसभर तेच करत असतात. पण ही फाईल गोकुळला नुसती बघायची परवानगी होती, आणि परवानगी देणाऱ्या होत्या द्वारकाबाई. लोणी देवकरच्या एमआयडीसीत बाईंचं छोटं वर्कशॉप. माणसं मोजकी, यंत्रं मोजकी, पण दरारा असा की बाईंची स्कूटी दिसली की शेजारच्या कंपनीतले कामगारसुद्धा तोंडातली तंबाखू थुंकून टाकायचे.

दोष तसा गोकुळचा नव्हता, त्याच्या बोटांचा होता. गोकुळ कळस गावचा. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर तो इंदापूरच्या एका क्लासात शिकला, तेव्हा विजेचा काही नेम नसायचा. अर्धं ड्रॉइंग झालं की लाईट जायची आणि सगळं पुसलं जायचं. क्लासच्या सरांनी पोरांना एकच मंत्र दिला होता. "रेघ मारली, सेव्ह. भोक पाडलं, सेव्ह. शिंक आली तर आधी सेव्ह, मग शिंक." त्या मंत्रानं गोकुळच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची बिघडली. ती डोक्याला न विचारता सेव्ह करायची. लग्न झाल्यावर बायकोनं विचारलं, "झोपेत माझ्या खांद्यावर टकटक काय करताय?" तेव्हा गोकुळनं लाजत 'प्रेम' असं सांगून वेळ मारून नेली होती.

वर्कशॉपात दोन कॉम्प्युटर. जुना शेडमध्ये ड्रिलच्या मोठ्या यंत्राशेजारी बसलेला, त्यात सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन. भोकं कुठं पाडायची हे यंत्राला तोच सांगायचा, आणि यंत्र दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. नवा परवाच आलेला, केबिनमध्ये, नव्या व्हर्जनचा, लाईट गेली तरी बॅटरीवर चालणारा. दोघांच्या मधे एक वायर. जुन्यातली फाईल त्या वायरवरून नव्यावर बघता यायची. साखर कारखान्याच्या इंजिनिअरनं एका प्लेटच्या ड्रॉइंगचा फोटो ईमेलवर मागितला, जुन्याला इंटरनेट नाही, म्हणून गोकुळनं फाईल नव्यावर उघडली. फोटो काढला, पाठवला. आणि बोटांनी आपलं काम केलं. पडद्यावर चौकट आली. ही फाईल जुन्या व्हर्जनची आहे, आता सेव्ह केली तर जुन्यात पुन्हा उघडणार नाही, पुढं जायचं का? असल्या चौकटी कोण वाचतं? तुम्ही वाचता? गोकुळनं 'हो' दाबलं.

बरं, फाईल तरी साधी असावी. साखर कारखान्यात उसाचा रस तापवायचा हीटर असतो. त्याला लोखंडाची एक भलीमोठी गोल प्लेट लागते, चाळणीसारखी भोकाभोकांची, आणि प्रत्येक भोकात एक नळी बसते. एक भोक केसभर सरकलं तरी सगळं मुसळ केरात. ही प्लेट आज संध्याकाळी टेम्पोत चढायला हवी होती. उद्या खंडेनवमी, म्हणजे यंत्रं धुऊनपुसून पूजेला बसणार, त्यांना कुणी बोट लावायचं नाही. परवा दसरा, आणि दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटणार.

पण गोकुळला घाम फुटला तो प्लेटमुळे नाही. ते ड्रॉइंग सर्जेरावांनी काढलेलं होतं. सर्जेराव म्हणजे बाईंचे मालक, हे वर्कशॉप उभं करणारे. ते गेल्यापासून बाईंनी त्यांची फाईल देवासारखी जपली होती. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक बारकी चौकट होती, तिच्यात त्यांचं नाव. बाई रोज सकाळी शेडमध्ये यायच्या, जुन्या कॉम्प्युटरपुढं उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "साहेब हायेत का जागेवर?" गोकुळ फाईल उघडायचा, कोपरा मोठा करून दाखवायचा. बाई नाव बघायच्या, मान हलवायच्या आणि मगच कामाला सुरुवात. कॉपी काढायची नाही, दुसरीकडं ठेवायची नाही, फाईल एकच आणि जागा एकच, असा बाईंचा हुकूम होता. साहेबांच्या हातची एक प्रत तेवढी एका पेन ड्राइव्हमध्ये होती आणि तो बाईंच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात.

आज सकाळी बाई आल्या नव्हत्या. पूजेची फुलं, नारळ आणायला इंदापूरच्या बाजारात गेल्या होत्या. कुठल्याही क्षणी येणार होत्या.

"गोकुळराव!" शेडमधून सद्दामची हाक आली. सद्दाम ड्रिलचं यंत्र चालवायचा. "फाईल उघडंना की! म्हणतंय, ही फाईल माझ्या वळखीची न्हाय."

"परत बघ."

"तीनदा बघितलं. काय केलं का तुमी?"

"मी? मी काय करणार?" गोकुळ म्हणाला, आणि त्याच्या तोंडाकडं बघून सद्दामला सगळं कळलं.

"आई शप्पत," सद्दाम म्हणाला. "साहेबास्नी नव्यात घातलं?"

"वरडू नकोस! आधी उपाय बघू."

गोकुळनं नव्या कॉम्प्युटरवर सगळे कोपरे धुंडाळले. जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायची सोय कुठंच नव्हती. कंपनीनं सॉफ्टवेअरमध्ये हजार गोष्टी दिल्या होत्या, पण मागं फिरायची वाट तेवढी ठेवली नव्हती. तो आवारात आला. लिंबाखाली एका पिंपावर एक गंजकी लोखंडी चकती ठेवलेली होती, तिच्यावर सगळे चहा प्यायचे. त्या चकतीला टेकून त्यानं रविराजला फोन लावला. रविराज त्याचा क्लासातला मित्र, आता बारामतीत एका मोठ्या कंपनीत होता.

"रविराज, एक इचारायचं हुतं. नव्या व्हर्जनची फाईल जुन्यात उघडायची हाय."

"न्हाय उघडत."

"आरं, पुरतं ऐक तरी."

"त्यात पुरतं ऐकायचं काय? जुनं नव्यात उघडतं, नवं जुन्यात उघडत न्हाय. भाकरी भाजून झाली आन् आता पीठ परत मागतोस व्हय?"

"पर तुमच्याकडं तर एकाच कॉम्प्युटरवर तीन-चार व्हर्जन हायेत म्हणं."

"हायेत की. एकेका गिऱ्हाइकाचं एकेक. कुठली फाईल कशात उघडायची ह्याच्यावरनं रोज वादावादी. गेल्या महिन्यात एकानं गिऱ्हाइकाची फाईल अशीच नव्यात सेव्ह केली."

"मग? काय केलं त्याला?"

"काय न्हाय. स्टोअरला हाय आता. नट-बोल्ट मोजतो." रविराजला शंका आली. "का रं? तुझ्याकडनं काय..."

"न्हाय न्हाय! मित्राचं हाय एका. उपायच न्हाय का त्याला?"

"एक हाय. सगळ्या सॉफ्टवेअरला कळतो असला साधा फॉरमॅट असतो, त्याच्यात काढ, आन् जुन्यात घे. आकार येतोय. मापं, नावं, ते काय येणार न्हाय."

"नावं म्हंजे... कोपऱ्यातलं नाव?"

"नाव न्हाय, गाव न्हाय. नुसतं लोखंड येतंय."

नुसतं लोखंड! बाई विचारणार, साहेब हायेत का जागेवर, आणि आपण सांगणार, साहेब नाहीत, नुसतं लोखंड आहे. पण दुसरी वाट नव्हती. आधी प्लेट तरी होऊ दे, नावाचं मग बघू, असं म्हणत त्यानं फाईल त्या साध्या फॉरमॅटमध्ये काढली, वायरवरून जुन्यात पाठवली, आणि दोघं शेडमध्ये जुन्यापुढं श्वास रोखून उभे राहिले.

उघडली. खरंच उघडली. गोकुळच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गोकुळराव," सद्दाम पडदा निरखत म्हणाला, "ही प्लेट हितं मावंल का?"

"म्हंजे?"

"यंत्र म्हणतंय पहिलं भोक शेजारच्या कंपनीत पाडायचं हाय."

झालं होतं असं की मिलिमीटरची मापं जुन्यानं इंच समजून घेतली होती. प्लेट वर्कशॉपपेक्षा मोठी झाली होती आणि एकेका भोकातून बैल गेला असता. गोकुळनं घाईघाईनं मापं बदलली, प्लेट जागेवर आली. मग यंत्र बोललं की यात भोकं नाहीत. भोकं समोर दिसत होती. पण जुन्याच्या लेखी ते भोकांचं चित्र होतं, भोकं नव्हती. केंद्र कुठलं, खोली किती, काहीच त्याला कळत नव्हतं.

"एकेक भोक हातानं सांगू त्याला," गोकुळ म्हणाला.

"दिवाळी उजाडंल," सद्दाम म्हणाला. "त्यापरीस बाईंच्या कमरंचा पेन ड्राइव्ह मागा की. त्यात हाय न्हवं जुनी?"

"आन् कशाला पायजे म्हणून सांगू?"

"म्हणा, व्हायरस आलाय. शिकलेली माणसं तेच म्हणत्यात."

एवढ्यात फाटकातून स्कूटी आत आली. पुढं झेंडूची पोती, मागं नारळाची पिशवी, आणि मधे द्वारकाबाई. सद्दाम झटकन यंत्राआड झाला. गोकुळला पळायला जागा नव्हती. जुन्याच्या पडद्यावर ते बिननावाचं लोखंड उघडं पडलेलं, आणि बाई चपला काढून सरळ शेडमध्ये येत होत्या.

"सकाळी यायला जमलं न्हाय," बाई म्हणाल्या. "दाव रं. साहेब हायेत का जागेवर?"

माणूस घाबरला की काय करील याचा भरवसा नसतो. गोकुळ खाली वाकला, पेन उचलतोय असं दाखवलं आणि जुन्याची पिन ओढून काढली. पडदा काळा झाला.

"अगं बया! काय झालं?"

"लाईट गेली, बाई."

बाईंनी वर बघितलं. त्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. गोकुळनंही वर बघितलं. तो पंखा त्याला जन्मात कधी इतका जोरात फिरताना दिसला नव्हता.

"पंखा फिरतोय की."

"एक फेज गेलाय," गोकुळ म्हणाला.

"कुठला?"

"मधला."

यंत्राआडून खोकल्यासारखा एक आवाज आला. बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण फेज जाणं ही आपल्याकडं काही नवलाची गोष्ट नाही. मोटर जळू नये म्हणून त्यांनी तडक इंदापूरच्या लियाकतभाईंना फोन केला. लियाकतभाई म्हणजे साहेबांच्या वेळेपासूनचे वायरिंगवाले. फेज गेलाय म्हटल्यावर ते हातातलं काम टाकून निघाले. गोकुळला वाटलं होतं की आज सणाच्या गडबडीत ते यायचे नाहीत, पण नको तेव्हा माणसं वेळेवर येतात.

लियाकतभाईंनी टेस्टर काढला. मेन स्विच बघितला, बोर्ड बघितला, मोटर बघितली. गोकुळ त्यांच्या मागंमागं फिरत होता आणि मनातल्या मनात मोरगावच्या गणपतीला नारळ कबूल करत होता. प्रत्येक बोर्डाला एक नारळ वाढत होता.

"वैनी, तिन्ही फेज ठणठणीत हायेत," लियाकतभाई म्हणाले.

"मग कॉम्प्युटर कसा बंद पडला?"

लियाकतभाई गुडघ्यावर बसले, टेबलाखाली डोकावले. "पिन निघालीय की हितं. उंदीर असंल." त्यांनी पिन लावली, बटण दाबलं.

जुन्यानं आतून कर्र केलं. मग पुन्हा कर्र. मग कुणी घशाशी आलेलं बोलणं गिळावं तसा आवाज आला, पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली आणि तीही विझली. लियाकतभाईंनी पुन्हा बटण दाबलं. काही नाही. त्यांनी डब्याला कान लावला आणि सगळ्यांकडं बघून मान हलवली. हॉस्पिटलात डॉक्टर हलवतात तशी.

"गेला," ते म्हणाले. "आतली डिस्क गेली. लई दिवस कुरकुरत हुता. अचानक बंद केलं की जातंय असलं म्हातारं."

बाईंचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्यांनी टेबलाची कड धरली आणि ओठ हलले, पण आवाज आला नाही. दरडावणारी बाई गप्प झाली की जी भीती वाटते ती वेगळीच. गोकुळला वाटलं, आता फाईलचं राहू दे, बाईंनाच काही झालं तर? त्याच्यानं राहवेना.

"बाई, फेज गेला न्हवता," तो म्हणाला. "पिन मी काढली. उंदीर न्हाय, मी."

आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं. फोटो, बोटं, चौकट, 'हो', रविराज, शेजारच्या कंपनीतलं भोक. सांगता सांगता त्याला रडू फुटलं. सद्दाम यंत्राआडून हळूच बाहेर आला. लियाकतभाई गुंडाळलेलीच वायर पुन्हा गुंडाळत बसले, कारण अशा वेळी निघून जाणंही बरं दिसत नाही आणि थांबणंही.

बाईंनी काळ्या पडद्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे जुन्यात साहेब न्हाईत?"

"न्हाईत, बाई. पर नव्यात हायेत! केबिनात फाईल अजून उघडीच हाय, मी बंद केली न्हाय. तिथं सेव्ह केली की झालं. पर ती नव्या व्हर्जनची झालीय. यंत्राला चालायची न्हाय." गोकुळनं डोळे पुसले. "तुमच्या कमरंचा पेन ड्राइव्ह दिला तर... त्यात असंल जुनी. कुठनं तरी जुन्या व्हर्जनचा कॉम्प्युटर आणतो. पायी जाऊन आणतो."

बाईंचा हात किल्ल्यांच्या जुडग्यावर गेला. आणि तिथंच घट्ट बसला.

"न्हाय."

"बाई, एकडाव..."

"न्हाय म्हणते न्हवं! द्यायचा न्हाय त्यो." बाईंचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "त्यात काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांनी एकदा सद्दामकडं बघितलं, एकदा लियाकतभाईंकडं. बाहेर जा म्हणावं असं त्यांच्या मनात आलं असावं, पण तेवढंही बळ राहिलं नव्हतं.

"आखाडात मी बारामतीला जात हुते, ठावं हाय का? भावाकडं जाते म्हणून सांगत हुते ती. भावाकडं न्हाय. ड्रॉइंगच्या क्लासाला."

"तुमी?" गोकुळ आणि सद्दाम एकदम म्हणाले.

"का? मला ड्रॉइंग येऊ नये? साहेबांनी काय काढून ठिवलंय ते मला वाचता यावं म्हणून गेले. पोरापोरींत बसून शिकले. एक दिस सरांना म्हणलं, ही आमच्या मालकांची फाईल, दावा उघडून. त्यांच्याकडं नवं व्हर्जन. उघडली. लई चांगली दिसली. आन् त्या सरांनी पहिल्या दिवसापासनं शिकवलं हुतं..."

"काय?"

"रेघ मारली की सेव्ह," बाई म्हणाल्या.

गोकुळची दोन बोटं आपसूक हलली.

"चौकट आली हुती," बाई पुढं म्हणाल्या. "मी म्हणलं, इचारतंय तर हो म्हणावं. ऐतवारी कुणी न्हवतं तवा हितं येऊन जुन्यात पेन ड्राइव्ह लावला. उघडंना. म्हणलं, संपलं. मीच साहेबास्नी घालवलं. तवापासनं एकच फाईल उरली हुती, ह्या जुन्यातली. रोज सकाळी उठलं की पोटात गोळा. तीबी गेली असंल का, कुणी काय केलं असंल का. म्हणून यायचे अन् इचारायचे, हायेत का जागेवर."

ज्या प्रश्नानं इतके महिने सगळ्या वर्कशॉपचे गुडघे लटपटत होते, तो प्रश्न विचारणारीचेच गुडघे लटपटत होते, हे पचवायला जरा वेळ लागला.

"बाई, आमाला सांगायचं की," सद्दाम म्हणाला. "आमी काय खाल्लं असतं तुमाला?"

"कुणाला सांगू? तुमी समदी मला बघून पळताय. घाबरणाऱ्या माणसांफुडं मी घाबरले म्हणून कसं सांगायचं?"

गोकुळ उठला. "बाई, चला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच बाई त्याच्या मागून केबिनमध्ये गेल्या. नव्या कॉम्प्युटरवर फाईल उघडी होती. त्यानं आधी ती नीट नव्यातच सेव्ह केली, यावेळी डोक्याला विचारून. मग खालचा कोपरा मोठा केला. चौकटीत सर्जेरावांचं नाव होतं, होतं तसंच. बाईंनी जुडग्यातला पेन ड्राइव्ह सोडवून दिला. तो लावला, त्यातली फाईल उघडली, तिचाही कोपरा मोठा केला. तिथंही नाव होतं.

"हायेत," बाई म्हणाल्या.

"कुठंच गेले न्हवते, बाई. नुसतं जुन्यात परत जाता येत न्हवतं त्यास्नी."

बाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि एकदम पहिल्यासारख्या कडाडल्या. "आन् मग प्लेटचं काय? टेम्पो आला की त्याला काय दावू, माझं तोंड?"

जुना कॉम्प्युटर मेलेला, यंत्र आंधळं, आणि ऊन उतरणीला लागलेलं. काहीच सुचेना तेव्हा माणसं जे करतात ते सगळ्यांनी केलं, म्हणजे चहा सांगितला. लिंबाखाली पिंपाभोवती सगळे उभे राहिले. लियाकतभाईंनी बशीत चहा ओतताना थोडा सांडला. सांडलेला चहा चकतीवरून ओघळला, एका भोकातून खाली पिंपात पडला आणि टप्प असा आवाज आला.

बाईंनी आवाजाच्या दिशेनं बघितलं. मग गंजक्या चकतीवरचा एक पेला उचलला. खाली भोक होतं. दुसरा उचलला. तिथंही भोक.

"गोकुळ, ही कसली प्लेट रं?"

"ही? ही जुनी, बाई. कारखान्याच्या हीटरची, झिजलेली. त्यांनीच पाठवलीय नमुन्या..." गोकुळचं वाक्य तिथंच संपलं.

सद्दामनं कपाळावर हात मारून घेतला. प्लेट समोर होती, गेले दोन आठवडे तिच्यावर सगळ्यांच्या चहाचे डाग पडत होते, आणि सकाळपासून तिच्यापायी चार माणसांचा जीव टांगणीला लागला होता.

"साहेब कॉम्प्युटर यायच्या आधी काय करत हुते?" बाई म्हणाल्या. "जुनी प्लेट नव्यावर चढवायचे, आवळायचे, आन् भोकातून भोक मारायचे. उचला! त्यो हातचा ड्रिल काढा कोपऱ्यातला. लियाकतभाऊ, तुमीबी धरा, आलाय तर."

मग काय विचारता! पेले उडाले, चकती घासली, नव्या प्लेटवर चढली. सद्दाम हातचा ड्रिल चालवत होता, गोकुळ तेल सोडत होता, लियाकतभाई आपण वायरिंगवाले आहोत हे विसरून क्लॅम्प आवळत होते, आणि बाई प्रत्येक भोकावर वाकून, "सरळ! सरळ!" असं ओरडत होत्या. पण आता त्या ओरडण्याची भीती कुणाला वाटत नव्हती, उलट ते थांबलं की सगळे वर बघायचे. टेम्पो आला तेव्हा शेवटची भोकं साफ होत होती. ड्रायव्हरनं प्लेट बघितली आणि एवढंच म्हणाला, "चहाचा वास येतोय हिला."

टेम्पो गेल्यावर बाईंनी पहिला हुकूम मोडीत काढला. एकच फाईल, एकच जागा, हे बंद. गोकुळनं फाईलच्या कॉप्या काढल्या आणि प्रत्येकाच्या किल्लीला एकेक पेन ड्राइव्ह लागला. लियाकतभाईंनासुद्धा एक मिळाला, त्यांच्याकडं कॉम्प्युटर नसताना.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. यंत्रं धुऊन पुसून ओळीत बसली होती. ड्रिलला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू. जुन्या कॉम्प्युटरलाही बाईंनी माळ घातली, कितीही झालं तरी म्हातारा होता. मधोमध नवा कॉम्प्युटर. आज कुणी हत्याराला हात लावायचा नाही, पण दर्शनापुरता तेवढा चालू ठेवलेला, आणि पडद्यावर साहेबांचं ड्रॉइंग. बाईंनी निरांजन ओवाळलं. सगळ्यांनी हात जोडले.

बाईंनी कोपऱ्यातल्या नावाकडं बघितलं आणि सवयीनं विचारलं, "साहेब हायेत का जागेवर?"

"हायेत," गोकुळ हसत म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर, साहेबांच्या नावाच्या बरोबर वर, एक चौकट आली. सॉफ्टवेअरचं आणखी नवं व्हर्जन आलं आहे. आत्ताच घ्यायचं का? तुमच्या जुन्या फायली आपोआप नव्या केल्या जातील. खाली 'हो' हे बटण लुकलुकत होतं.

गोकुळची दोन बोटं हलली. बाईंनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. सद्दाम दोन पावलं मागं सरकला. पडद्यावरची चौकट जागची हलत नव्हती आणि साहेबांचं नाव तिच्याखाली अर्धं झाकलं गेलं होतं. बाई खाली वाकल्या, भिंतीतली पिन ओढून काढली. बॅटरी टीं टीं करून ओरडायला लागली. गोकुळनं घाईघाईनं तिचंही बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

लियाकतभाई प्रसादाच्या पेढ्यासाठी नेमके त्याच वेळी दारात आले. "काय झालं, वैनी? बंद कसा पडला?"

"एक फेज गेलाय," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

"मधला."

लियाकतभाईंनी वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता. त्यांनी खाली बाईंच्या हातातल्या पिनेकडं बघितलं, मग गोकुळकडं, मग सद्दामकडं.

"जातो कधी कधी," ते म्हणाले, आणि पेढ्यासाठी हात पुढं केला.